डावा चॅनल

फाल्गुन आला की आमच्याकडे बडवण्याचे दिवस सुरू होतात. डिचोलीच्या आसपासच्या वाड्यांवरून शिगम्याच्या ढोल-ताशांचा सराव ऐकू येतो. कातडे उन्हात तापवून ताणलेले असते, त्यावर काठी पडली की माझ्या दुकानाच्या काचा थरथरतात. खळ्यांत कुळीथ आणि चवळी झोडतात. डोंगराच्या उतारावर काजूचे बोंडू पायांखाली तुडवतात. त्या आंबूस वासाने दुपारी डोके जड होते. आणि घराघरांत दहावीची मुले असतात. पूर्वी त्यांना दार लावून मारत, आता टीव्हीचा आवाज मोठा करून मारतात. फरक एवढाच.

मी यात वेगळी नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना कोणी माझ्याबद्दल भलतेच समज करून घ्यायला नको.

बाजारापासून चार पावलांवर माझे रिपेअरिंगचे दुकान आहे. मिक्सर, इस्त्र्या, पंखे, जुने टीव्ही. पंचवीस वर्षे झाली तरी नवे गिऱ्हाईक आत डोकावून विचारते, "मेस्त खंय गेलो?" मी म्हणते, मेस्त मीच, वस्तू टेबलावर ठेव. परवा आमच्या वाड्यावरचे पांडूबाब आले आणि काही न विचारता एक धूड टेबलावर ठेवून पंख्याखाली बसले. मी न बघताच ओळखले. वाड्याच्या रोमट मंडळाचा, म्हणजे शिगम्याची ढोल-ताशांची मिरवणूक काढणाऱ्यांचा, ॲम्प्लिफायर. सात वर्षांपूर्वी याच महिन्यात तो पहिल्यांदा माझ्याकडे आला होता.

मंडळाने तो बेळगावच्या जुन्या बाजारातून उचललेला. भक्कम लोखंडी पेटी, पुढे दोन मोठी बटणे, डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळा आवाज देणारे दोन चॅनल. त्याच्या झाकणाच्या डाव्या कोपऱ्यावर तळहाताएवढा खळगा आहे. तिथला रंग उडालाय आणि पत्रा चांदीच्या ताटासारखा चकचकतो. देवळाच्या उंबऱ्याला असा गुळगुळीतपणा येतो तो पाय लागून. याला आला तो थपडा खाऊन.

"वयनी, मशीन सामकें बेस आसा," पांडूबाब तेव्हा म्हणाले होते. "फकत गरम जालें काय डावी बाजू न्हिदता. मागीर एक थापट मारली की उठता."

"मग आणलंत कशाला?"

त्यांनी तोंड उघडून पुढचे दोन दात गेलेली जागा दाखवली. तेवढ्यात मला सगळे आठवले.

आमच्या गावात कुठलीही गोष्ट दोनदा झाली की तिसऱ्यांदा तिला मान लागतो. शिगम्यात मांडावर, म्हणजे देवाच्या ठरलेल्या जागी, जमायचे, देवाला नमन घालायचे, मग रोमट काढायचे. यातली ढोलावरची पहिली काठी वरच्या घराची, म्हणजे पांडूबाबांच्या घराण्याची. निशाण धरायचे ते खालच्या घराने, म्हणजे विनायकच्या. हे पिढ्यांचे. ॲम्प्लिफायर आला तेव्हा नमन चालू असताना डावा स्पीकर गप्प झाला आणि विनायक जवळ उभा होता म्हणून त्याने एक थाप मारली. आवाज आला. दुसऱ्या वर्षीही त्यानेच मारली. तिसऱ्या वर्षी पांडूबाबांनी तिथेच हात वर केला. "ढोलाची पयली काठी आमची. ढोल म्हणजे आवाज. हें मशीन आवाजाचें. तेका मारपाचो मान आमचो!"

विनायक म्हणाला, "मगीर लायटीच्या खांब्याकय वचून एक मार. तोय तुमचोच."

थट्टेवर मिटले नाही. देवाला कौल लावला. मूर्तीच्या उजव्या अंगाला वरच्या घराची पाकळी, डाव्या अंगाला खालच्या घराची; जी पडेल तिचा मान. दोन्ही पाकळ्या दिवसभर चिकटून राहिल्या. ॲम्प्लिफायरला कोणी मारायचे याबद्दल देवाला मत नव्हते. शहाण्या माणसांनी यातून काय ते समजावे. आमच्या माणसांनी समजले की देवाने सूट दिली. संध्याकाळी पाच वाजता, नमन अर्धे झालेले असताना, डावा स्पीकर गेला आणि दोन्ही घरांचे हात एकाच वेळी त्या झाकणावर पडले. खालचा हात कोणाचा आणि वरचा कोणाचा, यावरून पहिली शिवी गेली. पुढे ढोलाच्या काठ्या ढोलावरून डोक्यांवर आल्या. विनायकची भुवई फुटली, पांडूबाबांचे दात पडले, एका ताशाचे कातडे कोणाच्या तरी गुडघ्याने फाटले. मी तिथे होते. रक्त कुठले आणि गुलाल कुठला ते ओळखता येईना. दवाखान्यात डॉक्टरने आधी सगळ्यांना पाण्याने धुतले आणि मग कुठे शिवायचे ते ठरवले. त्या सगळ्या वेळात ॲम्प्लिफायर चालू होता. उजव्या स्पीकरमधून आख्खी मारामारी गावभर ऐकू गेली.

म्हणून पुढच्या वर्षी शिगम्याच्या तीन आठवडे आधी ते धूड माझ्याकडे आले. "बरें जालें तर मारूक नाका," पांडूबाब म्हणाले, "मारूक नाका जाल्यार मानय नाका." गावाने वर्षभर विचार करून काढलेला हा निष्कर्ष. वाईट नव्हता.

मी पेडण्याची. माझ्या बाबांकडे रेडिओ होता, लाकडी पेटीचा, आणि तोही मारूनच चालायचा. बाबा जेवून उठले की हात धुवायचे, ओल्याच तळव्याने रेडिओच्या बाजूला थाप द्यायचे आणि बातम्या सुरू व्हायच्या. आम्हा भावंडांनाही त्याच हाताने. त्यांना राग आलेला असायचाच असे नाही. वस्तू अडली की मारायची, चालू लागते, असा साधा अनुभव. बारा वर्षांची असताना मी तो रेडिओ मागून उघडला. आत एक वायर सुटून नुसती टेकलेली होती. मी ती गुंडाळून घट्ट केली आणि रेडिओ थापेशिवाय लागला. बाबांनी बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या आणि मग रेडिओ उघडल्याबद्दल मला मारले. मला तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, मारण्याने वायर जोडली जात नाही, नुसती पुन्हा टेकते. दुसरी, हे मारणाऱ्याला कळवून उपयोग नसतो.

आयटीआयला आम्हाला शिकवायला बेळगावकडचे एक सर होते. वर्गात मी एकटी मुलगी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पुढे बोलावले. "बाई, चालू मशीनमध्ये कधी दोन्ही हात घालायचं न्हाई. दोन्ही हात घातलास की करंटला एका हातातनं दुसऱ्या हातात जायला वाट गावती, आणि वाटेत काळीज हाय. एक हात मागं धर." पोरांना त्यांनी हात खिशात घालायला सांगितले. मला खिसा नव्हता. मी डावा हात पाठीमागे नेऊन कमरेला धरला. तीच सवय लागली. एकदाच विसरले, एका जुन्या टीव्हीच्या वेळी. भिंतीवर जाऊन आदळले, दोन दिवस दंड उचलता येईना. वस्तूही मारतात. फक्त त्या मनात काही धरत नाहीत.

त्या वर्षी माझी गौतमी दहावीला होती. नवरा पाळीच्या खाणीवर मशीन चालवायचा. खाण बंद पडली तसा कर्नाटकात कामाला गेला, महिन्यातून एकदा यायचा. घरात आम्ही दोघी. सराव परीक्षेत तिला गणितात नापासाचे गुण पडले आणि तो पेपर तिने पाटाखाली लपवला. पेपर सापडला तेव्हा मी भाकरी थापत होते. हात न पुसता उठले आणि तिला एक थप्पड मारली. एकच. ती खिडकीच्या चौकटीला धडकली, सावरली, गालावरचे पीठ पुसले आणि पुस्तक घेऊन बसली. माझ्या मनात आले, लागू पडली. खरेच आले, शब्दशः. पुढचा आठवडा ती खाली मान घालून अभ्यास करत होती.

तोवर ॲम्प्लिफायर आला. दुकानाच्या शेजारीपाजारी सगळीकडे परीक्षेची मुले, तिथे ते वाजवता येईना, म्हणून त्याला दुपारी घरी आणले आणि मागच्या खोलीत टेबल लावले. झाकण उघडले. आत गुलालाचा थर, झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या, तांदळाचे दाणे. कोणीतरी दसऱ्याला त्याची पूजा केली होती आणि सगळे जाळीतून आत पडले होते. वाळलेली एक पाल. ब्रशने सगळे काढले. मोठ्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही विजेचा साठा राहतो. बल्बच्या वायरी लावून तो रिकामा केला, बल्ब एकदा डोळा उघडून मिटावा तसा लागला आणि विझला. मग जास्त करंट जाऊ नये म्हणून तारेत बल्ब घालून मशीन चालू केले, डावा हात मागे धरला आणि उजव्या हातात बांबूची काडी घेऊन एकेका भागावर टिचकी मारत गेले. थापट नाही, टिचकी. दोष कुठे आहे ते टिचकीला कळते. थापट सगळ्यालाच हलवते, त्यामुळे काहीच कळत नाही.

डाव्या चॅनलच्या मोठ्या ट्रान्झिस्टरपाशी खरखर झाली. भिंग लावून पाहिले. त्याच्या पायाभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर होती. गरम झाले की धातू फुगतो, चीर उघडते, आवाज जातो. वरून थाप बसली की पाय खाली दबून टेकतो, आवाज येतो. पण त्या ट्रान्झिस्टरला ॲल्युमिनियमची जड पट्टी जोडलेली, आणि प्रत्येक थापेला ती पट्टी हलून पायाला पिळत होती. ज्या थापेने मशीन चालत होते, तिनेच ते मोडले होते. किती वर्षे कोण जाणे. जुने सोल्डर काढले, नवा डाग दिला, पट्टीखाली आधाराला पत्र्याचा तुकडा बसवला. तासाभराचे काम.

असा अधूनमधून जाणारा दोष दुरुस्त झाला की नाही हे लगेच कळत नाही. मशीन तासन्‌तास चालवून ऐकत बसावे लागते. मी दुकानात जाणार, म्हणून काम गौतमीला दिले. पुढच्या भोकात मोठा हेडफोन जोडला, भजनाची टेप लावली, आवाज अगदी बारीक ठेवला. तिला म्हटले, "इतिहास वाच. कानात हे चालू राहू दे. डावी बाजू गेली की वेळ लिहून ठेव."

चार वाजता परत आले. वहीच्या मागच्या पानावर तिने लिहिले होते, डावी बाजू नाही.

"कधी गेली?"

"पयलींच ना."

मी हेडफोन घेतला, कानाला लावला. दोन्ही बाजू स्वच्छ. टाळांचा आवाज डावीकडून, मृदंगाचा उजवीकडून. मी म्हटले, आता आली वाटते. अशा दोषाचे हेच तर असते, मेकॅनिकने ऐकले की बरोबर चालते. पुन्हा झाकण उघडले. डाग पुन्हा दिला. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. ती म्हणाली, "ना." मी ऐकले तर दोन्ही बाजू होत्या. ट्रान्झिस्टर बदलला. तिसऱ्या दुपारी त्याच्या आजूबाजूचे सगळे भाग बदलले, चांगले होते तेही. घाईत एक कपॅसिटर उलटा बसला आणि चालू करताच बंदुकीसारखा फुटला. त्याची टोपी छताच्या कौलाला लागून खाली आली, खोलीभर धूर झाला. गौतमी दाराशी पाठ करून उभी होती. ती दचकली खरी, पण मान वळवली ती उलट्याच बाजूला, आवाज अंगणातून आल्यासारखी. मी ते पाहिले. पाहून सोडून दिले. माझे लक्ष मशीनमध्ये होते.

आता वाटते, पाहण्यासारखे कितीतरी होते. जेवताना ती नेहमीची जागा सोडून भिंतीच्या बाजूला बसू लागली होती. रविवारी मी डोक्याला तेल घालायला बोलावले तर नको म्हणाली, न्हातानाही केस ओले करीना. हाक मारली तर दोनदा मारावी लागे, आणि त्याबद्दल मी तिला शिव्या दिल्या होत्या. मशीनमध्ये एवढी लक्षणे दिसली असती तर मी पहिल्याच दिवशी दोष सांगितला असता.

चौथ्या दुपारी तिने वही पुढे केली. डावी बाजू नाही. माझे डोके फिरले. शिगमा दहा दिवसांवर, परीक्षा त्याहून थोडी पुढे, आणि माझी खात्री झाली की पोरगी खोटे बोलते आहे. हे काम संपले की इतिहास सोडून गणित घ्यावे लागेल म्हणून. खोटे पकडायची साधी युक्ती मला माहीत होती. कोणताही दोष शोधताना पहिली करायची ती अदलाबदल. डावे उजव्याला लावायचे, उजवे डाव्याला. दोष जागा बदलतो की नाही ते बघायचे. मी तिला कदेलावर बसवले, डोळे मीट म्हटले आणि हेडफोन उलटा करून तिच्या डोक्यावर घातला. आता मशीनचा डावा चॅनल तिच्या उजव्या कानात वाजत होता. खरे बोलत असेल तर ती म्हणायला हवी होती, आज उजवी बाजू गेली.

"खंयची बाजू ना?"

"डावी."

सापडली, असे माझ्या मनात आले. हात वर गेला. तिने डोळे उघडले, हात पाहिला आणि हेडफोनच्या आत आपला पंजा घालून कान झाकला.

उजवा कान.

माझा हात उजवा. तो येणार होता तिच्या डाव्या गालावर. समोर उभे राहून उजव्या हाताने मारलेली थप्पड समोरच्याच्या डाव्या बाजूला बसते; यात भूमितीचे काही अवघड नाही. मार ज्या बाजूने येतो ती बाजू कोणीही झाकते, मांजरसुद्धा. तिने दुसरी झाकली होती.

"हो कान नाका, आई," ती म्हणाली. "हो एकच आसा."

हात तिथेच राहिला. अदलाबदल केली तरी दोष डावीकडेच, म्हणजे दोष वायरीत नाही, चॅनलमध्ये नाही, मशीनमध्ये नाही. चार दिवस मी चांगले मशीन मोडत बसले होते.

"कधीपासून?"

"गणिताच्या पेपराच्या दिसापसून."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे असे पाहिले की तो प्रश्न मी परत घेतला. मग तीच म्हणाली, "माका दिसलें, मारल्यार परत सुरू जातलें. मशीनाक मारतात तशी मीच मारून पळयली. दोनदां. न्हाणयेत."

न्हाणीघरात, दार लावून, स्वतःच्या कानावर. मी तिला जवळ घेतले नाही. माझे हात तेव्हा कोणाला लावण्यासारखे नव्हते. मशीन बंद केले, चप्पल घातली आणि तिला म्हटले, चल.

म्हापशाला कानाची डॉक्टर होती, वयाने लहान, बोलायला तुटक. तिने नळी घालून पाहिले. "पडद्याला भोक आहे. कसं झालं?"

"पडलें," गौतमी म्हणाली. "शाळेंत. बांकार."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागली. मी म्हटले, "पडली नाही. मी मारले. उजव्या हाताने. सोळा दिवस झाले."

तिने ते लिहून घेतले. मला वाटले, काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरे झाले असते. "बहुतेक वेळा पडदा आपणहून भरतो. पाणी जाऊ द्यायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही. महिन्याने परत आणा."

"आणि आम्ही काय करायचं?"

"काही नाही. थांबायचं."

पंचवीस वर्षे लोक माझ्याकडे बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि मी त्यांना सांगते, उद्या घेऊन जा. ज्याला हात लावायचा नाही अशी दुरुस्ती मला शिकवली नव्हती. परतीच्या बसमध्ये गौतमी डाव्या खिडकीशी बसली, म्हणजे मी तिच्या उजव्या कानाच्या बाजूला आले. तिने ते आधीच ठरवून ठेवले असावे. वाटेत कुठेतरी तिने विचारले, "परीक्षेक बसूक गावतलें मगो?"

मी म्हटले, "मिळेल."

"आनी गणितांत कमी पडले तर?"

बाहेर काजूच्या बागांतून धूर येत होता, वणवा नव्हे, पालापाचोळा जाळलेला. मी म्हटले, "तर कमी पडतील."

तिने कानात कापूस घालून सगळे पेपर दिले. गणितात काठावर पास झाली. मी तिच्या अभ्यासाच्या वेळी खोलीत जायचे तेव्हा उजवा हात पाठीमागे नेऊन डाव्या हाताने धरून ठेवायची. पहिल्या दिवशी तिने ते पाहिले आणि म्हणाली, "करंट चालू आसा काय?" मी म्हटले, आहे.

शिगम्याला मी ॲम्प्लिफायर स्वतः घेऊन मांडावर गेले. पांडूबाब आणि विनायक, एकाचे दात नाहीत, दुसऱ्याची भुवई वाकडी, मशीनच्या दोन बाजूंना उभे होते. नमन सुरू झाले. दोन्ही स्पीकर शेवटपर्यंत वाजले. पण त्या दोघांना हातांचे काय करावे ते कळेना. थोड्या वेळाने विनायक म्हणाला, "वयनी, रोमटाच्या सुरवातीक एक-एक मारूया काय? मशीनाक न्हय. मानाक."

पांडूबाब लगेच म्हणाले, "हळू मारतलें."

वर्षभरात या दोघांचे पहिल्यांदाच एकमत झाले होते. दोन्ही हात वर गेले. मी खाली वाकून मेनची वायर उपटली. दोन्ही स्पीकर बंद पडले. "हात लावलात त्याचा हात मोडीन," मी म्हटले. "आज नुसते ढोल वाजवा." बायका हसल्या, पुरुष पुटपुटले, कोणीतरी म्हणाले, खाणवाल्याच्या बायलेक पिसें लागलां. रोमट त्या वर्षी मशीनशिवाय निघाले. ढोल पुरेसे मोठे असतात. मी कडेला उभी होते, आणि पहिल्यांदाच मला त्या आवाजात कातड्यावर पडणारी प्रत्येक काठी वेगळी ऐकू आली.

जूनमध्ये पडद्याचे भोक भरले. मशीनवर तपासणी झाली. डॉक्टरने आलेख दाखवला, उजवी रेघ सरळ, डावी शेवटाकडे खाली गेलेली. उंच, बारीक आवाज त्या बाजूला कमी. "एवढं राहील," ती म्हणाली.

एवढे राहिले. गौतमी आता पणजीला नोकरी करते, शनिवारी घरी येते. फोन उजव्या कानाला लावते. बसमध्ये डाव्या खिडकीशी बसते. आम्ही त्याबद्दल बोलत नाही आणि लपवतही नाही. मला राग येतो अजून, पुष्कळ येतो. स्वभाव बदलला असे मी म्हणणार नाही. तेवढा उजवा हात मागे जातो. दुकानात लोक विचारतात, बाई, कंबर दुखते काय.

आणि परवा ॲम्प्लिफायर पुन्हा आला. खळगा पूर्वीपेक्षा खोल. मी पांडूबाबांकडे पाहिले, तर ते पंख्याकडे पाहू लागले. "मान कोण सोडता, वयनी," शेवटी म्हणाले. "एक-एकच मारतात. हळू."

शनिवारी उघडला. चीर पुन्हा त्याच पायाशी. डाग दिला, आधाराचा पत्रा जाड बसवला. गौतमी आली, पिशवी ठेवली, आणि न सांगता कदेल ओढून हेडफोन डोक्यावर घातला. बाहेर कुठेतरी सराव चालू होता. ती डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिली. मी समोर उभी, हात मागे.

"दोन्हीकडे येतं?"

"येता."

"सारखं?"

तिने डोळे उघडले. हेडफोन काढून उलटा घातला आणि पुन्हा ऐकले. अदलाबदल. मी शिकवले नव्हते. तिने त्या दिवशी पाहिले होते. मग तो काढून टेबलावर ठेवला.

"डाव्याक मात्शें पातळ," ती म्हणाली. "पूण तें माझ्याकडचें. मशीन बरें आसा. दिवन टाक."

मी झाकण बसवले, चार स्क्रू आवळले. दुरुस्त झालेल्या प्रत्येक वस्तूला मी चिठ्ठी बांधते. त्या चिठ्ठीवर लिहिले: दोन्ही बाजू तपासल्या. मशीनमध्ये दोष नाही.